एका थराची दरखास्त

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात उभे राहिले असता, उघड्या पडलेल्या बेअरिंगमध्ये कारागीर ज्या डब्यातून बोटभर काळे वंगण घेऊन दाबून भरतो, त्या डब्याच्या अंगावर पुष्कळदा मोलिब्डेनम डायसल्फाइड हे लांबलचक नाव बारीक अक्षरांत छापलेले आढळते. कारागिरांच्या तोंडी त्याचे सुटसुटीत 'मॉली ग्रीस' झालेले असते, आणि जिथे भार मोठा, वेग कमी व धक्के फार, अशा सांध्यांसाठी साध्या पिवळ्या ग्रीसपेक्षा त्याचा मान अधिक. त्याचा डाग बोटाला एकदा बसला की साबणाला दाद देत नाही, रॉकेलचा बोळा घ्यावा लागतो. हा डाग ज्या कणांचा बनलेला असतो त्यांतील प्रत्येक कण म्हणजे एकावर एक रचलेल्या असंख्य थरांची चळत असते. आणि त्या चळतीतला एकच थर सुटा करून दोन आरशांच्या मध्ये ठेवला, तर प्रकाश आणि द्रव्य यांच्यातील सरहद्दच पुसट होऊ लागते, ही गोष्ट गेल्या दहा-पंधरा वर्षांत पदार्थविज्ञानाने निर्विवाद सिद्ध केली आहे. ज्या जिल्ह्यात अर्धसंवाहक हा शब्द अलीकडे केवळ भूखंड, गुंतवणूक आणि भूमिपूजन यांच्या संगतीत उच्चारला जातो, त्या जिल्ह्याने या काळ्या पदार्थाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे आणि सरकारदरबारी एक लहानशी, पण नेमकी मागणी करावी, असे मला वाटते. ती का करावी हे सांगण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान सांगणे भाग आहे, त्याची तसदी वाचकांनी गोड मानून घ्यावी.

मोलिब्डेनम धातूच्या अणूंची एक पातळी, तिच्या वर गंधकाच्या अणूंची एक आणि खाली एक, अशा तीन पातळ्या मिळून या पदार्थाचा एक थर होतो. थराच्या आत हे अणू परस्परांना रासायनिक बंधांनी घट्ट धरून असतात, पण एका थराचे दुसऱ्या थराशी नाते केवळ व्हान डर वाल्स या क्षीण आकर्षणाचे असते. त्यामुळे दाब पडताच थर एकमेकांवरून सरकतात आणि लोखंड लोखंडाला घासत नाही. वंगणाचे सारे गुपित एवढेच आहे. ज्या शैथिल्यामुळे कारखानदाराचे बेअरिंग वाचते, त्याच शैथिल्यामुळे या खनिजाच्या स्फटिकाला साधी चिकटपट्टी लावून ती ओढली असता थरांचे पातळ तुकडे तिच्याबरोबर सुटून येतात, आणि हीच क्रिया पुन्हापुन्हा केली असता अखेरीस एखाद्या ठिकाणी एकच थर हाती लागतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दहा लाखांशाहूनही कमी, म्हणजे सुमारे 0.65 नॅनोमीटर असते.

चिकटपट्टीची ही युक्ती ग्राफीनच्या शोधाबरोबर 2004 साली मँचेस्टरला जन्मली, असा समज सर्वत्र रूढ आहे, आणि आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांना 2010 चे नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून तो अधिकच दृढ झाला आहे. वस्तुतः केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रिंट आणि यॉफी हे दोघे 1963 च्या सुमारास मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या स्फटिकांवर चिकटपट्टी चालवीत होते आणि काही मोजक्या थरांपर्यंत पोचलेही होते. त्या कामाकडे पुढे चार दशके फारसे कोणी वळून पाहिले नाही. विज्ञानाच्या दप्तरात अशी कित्येक प्रकरणे 'नंतर पाहू' असा शेरा मिळून पडलेली असतात. ग्राफीनने ते दप्तर पुन्हा उघडावयास लावले खरे, परंतु ग्राफीनमध्ये एक उणीव होती: त्यातल्या इलेक्ट्रॉनांना ओलांडावी लागेल अशी ऊर्जेची दरीच त्यात नाही, त्यामुळे ते अर्धसंवाहक म्हणून कामाचे नाही. तेव्हा साहजिकच दृष्टी दुसऱ्या थरदार पदार्थांकडे वळली, आणि 2010 साली कोलंबिया विद्यापीठात टोनी हाइन्झ यांच्या गटाने, तसेच बर्कलीत फेंग वांग यांच्या गटाने, जवळजवळ एकाच वेळी असे दाखविले, की जाड असताना प्रकाश देण्याच्या बाबतीत केवळ आळशी असणारा हा काळा पदार्थ एका थरावर आणला की तांबड्या प्रकाशाने उजळतो. जाड स्फटिकाच्या तुलनेत एका थराची प्रकाश देण्याची क्षमता दहा हजार पटींहून अधिक भरली. कारण असे, की थर जाड असताना खाली उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनाला ऊर्जेबरोबर संवेगाचाही हिशेब चुकता करावा लागतो व त्या खटाटोपात प्रकाश बाहेर पडण्याचा योग क्वचितच येतो. एकाच थरात ती अट सुटते आणि इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरून प्रकाशकण सोडून देतो.

आता यातला खरा गाभा. अर्धसंवाहकावर प्रकाश पडला म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि त्याच्या मूळ जागी एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा धनभारासारखी वागते, म्हणून चढलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेले विवर एकमेकांकडे ओढले जातात आणि त्यांची एक जोडी बनते. रशियन शास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी 1931 साली या जोडीची कल्पना मांडली; तिला एक्सिटॉन म्हणतात. गॅलियम आर्सेनाइडसारख्या नेहमीच्या अर्धसंवाहकात ही जोडी इतकी कमकुवत असते, की तिला बांधून ठेवणारी ऊर्जा 4 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास भरते, तर आपल्या नेहमीच्या हवेच्या तापमानाला उष्णतेचे हेलकावे 25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. म्हणजे रत्नागिरीच्या उन्हाळ्यातच काय, महाबळेश्वरच्या हिवाळ्यातही ती जोडी टिकणे अशक्य, तिला द्रवरूप हेलियमच्या थंडीतच जपावे लागते. एका थराच्या पदार्थात मात्र या दोन भारांमधील विद्युत्-आकर्षणाच्या रेषा थराच्या आत मावतच नाहीत, त्या बाहेरच्या मोकळ्या अवकाशातून जातात, आणि तिथे त्यांना दडपणारे दुसरे द्रव्य नसल्यामुळे आकर्षण पूर्ण जोराने टिकून राहते. परिणामी जोडीची बंधनऊर्जा शेकडो मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढते, आणि नेहमीच्या खोलीत, पंख्याखाली, ती जोडी सुखरूप नांदते. हा कृशतेचा लाभ आहे. अणूंच्या तीनच पातळ्या असूनही अनुकूल रंगाच्या प्रकाशातील शेकडा पाच-दहा भाग हा थर गिळून टाकतो, ते याच जोडीच्या बळावर.

अशा थराला दोन अतिशय जवळच्या आरशांच्या मध्ये ठेवले, की प्रकाशकण त्या दोन आरशांच्या दरम्यान पुन्हापुन्हा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत त्याची थरातल्या एक्सिटॉनाशी गाठ पडते. एक्सिटॉन प्रकाशकण गिळतो, पुन्हा सोडतो, पुन्हा गिळतो. ही देवाणघेवाण मंद असेल आणि प्रकाश तत्पूर्वीच आरशातून निसटून जात असेल, तर फारसे काही नवे घडत नाही. थर थोडा अधिक किंवा थोडा कमी उजळतो इतकेच. पण देवाणघेवाण निसटण्याच्या वेगाहून द्रुत झाली, म्हणजे एक निराळेच प्रकरण उभे राहते. पदार्थविज्ञानाच्या वर्गात एका सैल दोरीला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगून दाखविण्याचा प्रयोग पुष्कळांनी केला असेल: एकाला झोका दिला की थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा हलू लागतो, मग दुसरा थांबतो आणि पहिला हलतो, या दोघांची मूळची एकच गती दोन निराळ्या गतींत विभागली जाते, आणि मग अमुक गती पहिल्या लंबकाची व तमुक दुसऱ्याची असे म्हणण्यात काही अर्थ राहत नाही. प्रकाशकण आणि एक्सिटॉन यांचे नेमके तेच होते. वर्णपटात जिथे एक रेषा दिसावयाची तिथे दोन रेषा दिसू लागतात, आणि त्यांच्यातील अंतर हे त्या दोघांच्या मिलाफाच्या बळाचे माप ठरते. या अवस्थेतील कण अर्धा प्रकाश आणि अर्धा द्रव्य असतो. त्याला पोलॅरिटॉन म्हणतात, आणि त्याचा सिद्धांत 1958 साली जॉन हॉपफील्ड यांनी तरुणपणी मांडला होता. हेच हॉपफील्ड पुढे 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायाभूत कामासाठी नोबेलचे मानकरी झाले. पहिल्या कामाची कीर्ती दुसऱ्याने झाकून टाकली, एवढाच त्यातला अन्याय.

प्रयोगात अशी अवस्था अर्धसंवाहकांत प्रथम 1992 साली टोकियोमध्ये क्लोद वाइसबुश आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविली, पण तिथे गॅलियम आर्सेनाइडचे थर होते आणि अतिशीत तापमान होते. खोलीच्या तापमानाला, एका थराच्या मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ती दाखविण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातील विनोद मेनन यांच्या गटाकडे जाते; त्यांचा निबंध 2015 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील दोन रेषांमधले अंतर 46 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट होते. खोलीतील उष्णतेच्या 25 या आकड्याशी हा 46 ताडून पाहिला म्हणजे त्या प्रयोगाचे मर्म ध्यानात येते: जे थंडीच्या कैदेत दिसत होते ते उघड्या हवेत दिसू लागले.

या कणाचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही फार लवकर देऊन टाकले जाते. प्रकाशाचा अंश असल्यामुळे पोलॅरिटॉन इलेक्ट्रॉनच्या दशसहस्रांशाहूनही हलका असतो, आणि द्रव्याचा अंश असल्यामुळे तो दुसऱ्या पोलॅरिटॉनाशी टक्कर घेऊ शकतो, जे निखळ प्रकाशकणाला जमत नाही. या दोन गुणांच्या संयोगावर कमी शक्तीत पेटणारे लेसर, प्रकाशानेच प्रकाशाची वाट अडविणारी कळयंत्रे आणि पुंज-उपकरणे यांची स्वप्ने उभी आहेत. ग्रेनोबल येथे 2006 साली कॅडमियम टेल्युराइडमधल्या पोलॅरिटॉनांचा समूह सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 च्या सांख्यिकीने सांगितलेल्या एकावस्थेत शिरलेला पाहण्यात आला, ही फार मोठी गोष्ट होती. तरीही स्पष्ट सांगितले पाहिजे, की पोलॅरिटॉनाचे आयुष्य पिकोसेकंदांत मोजावे लागते, एका थरातला एक्सिटॉन आकाराने इतका आटोपशीर असतो की दोन शेजाऱ्यांची टक्करही तितकीच क्षीण होते, आणि चिकटपट्टीने सोललेले तुकडे केसाच्या जाडीएवढे रुंद निघाले तरी भाग्य मानावे अशी परिस्थिती आहे. या विषयातून उद्या एखादा कारखाना निघेल असे जो सांगेल त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. मी तसे सांगत नाही.

मग रत्नागिरीने याची उठाठेव का करावी?

या जिल्ह्याला प्रकल्पांचा इतिहास नवा नाही. झाडगावला तांब्याचा कारखाना येणार म्हणून जमीन दिली गेली, काम सुरू झाले, लोक उठले, आणि 1993 मध्ये ते बंद पडून पुढे तो कारखाना तुतिकोरिनला गेला. गुहागर तालुक्यात एन्रॉनची वीज आली आणि 2001 मध्ये थांबली. जैतापूर, नाणार, बारसू ही नावे तर अजून कालच्या वर्तमानपत्रांतली आहेत. या प्रत्येक वेळी वाद झाला तो जमिनीचा, पाण्याचा, भरपाईचा आणि नोकऱ्यांच्या वाट्याचा. आणि तो व्हावयासच हवा होता, त्यात कमीपणा काही नाही. आता अर्धसंवाहकांच्या निर्मितीचा प्रकल्प रत्नागिरीत येणार, अशा घोषणा झाल्या आहेत, आणि पुन्हा चर्चेला तेच विषय मिळाले आहेत: किती एकर, किती कोटी, किती जागा. या विषयाचे ज्ञान कोणाजवळ असणार, ते इथे कसे रुजणार, इथल्या महाविद्यालयातला मुलगा त्या कारखान्यात पहारेकरी म्हणून शिरणार की वर्णपटमापकाशी बसणार, हा प्रश्न मात्र कोणत्याही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. धोलेऱ्याला टाटांचा जो कारखाना उभा राहत आहे त्याची गुंतवणूक 91,000 कोटी रुपयांची आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुमारे तीस शास्त्रज्ञांनी अणूंच्या थरांच्या याच पदार्थांपासून पुढच्या पिढीच्या चिप विकसित करण्यासाठी केंद्राकडे पाठविलेल्या प्रस्तावात मागितलेली रक्कम, 2025 मध्ये वृत्तपत्रांतून आल्याप्रमाणे, पाच वर्षांसाठी सुमारे 500 कोटी आहे. पहिल्या रकमेच्या शतांशाहूनही ती लहान आहे, आणि मंजुरीचा मार्ग मात्र तिलाच अधिक खडतर. मोठी दरखास्त मोठ्या दरवाजातून जाते.

हिंदुस्थानाला या क्षेत्राची परंपरा नाही असेही नव्हे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिसे-गंधकाच्या खनिजावर बांधलेल्या तरंगग्राहकासाठी 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि 1904 मध्ये त्यांना एकस्व मिळाले. अर्धसंवाहक उपकरणाचे ते जगातील पहिले एकस्व मानतात. तेही गंधकाचेच संयुग होते, आणि त्यासाठीही कोणी हेक्टरी जमीन संपादन केलेली नव्हती. आज महाराष्ट्रात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पवईची आय.आय.टी. आणि पुण्याची आयसर या तिन्ही ठिकाणी अणूंच्या थरांवर जोमाने काम चालते. पुण्यात जी. व्ही. पवनकुमार यांच्या गटाने टंगस्टन डायसल्फाइडच्या एका थरावर चांदीची अतिसूक्ष्म तार टेकवून, खाली धातूचा आरसा ठेवून, त्या फटीतून निघणाऱ्या प्रकाशाला हवी ती दिशा देता येते हे दाखविले आहे. तो मिलाफ मेनन यांच्या प्रयोगाइतका प्रबळ नसला तरी कुळ तेच आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 6,003 कोटींहून अधिक तरतुदीचे राष्ट्रीय पुंज अभियान मंजूर केले, आणि त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापन यांचे केंद्र पवईला आहे. म्हणजे गुरू दूर नाहीत. कोकण रेल्वेने रात्रीत पोचता येईल इतके जवळ आहेत.

आणि इथे काय आहे ते पाहू. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाची स्थापना 1945 ची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच वर्षाची. मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरी उपपरिसर तर या औद्योगिक क्षेत्रातच आहे. पदवीच्या वर्गात आजही न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग होतो: काचेच्या तक्तीवर बहिर्गोल भिंग, वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश, आणि सूक्ष्मदर्शकातून मोजावयाच्या काळ्या-पिवळ्या कड्या. विद्यार्थी कड्यांचे व्यास मोजतात, आलेख काढतात, भिंगाची वक्रता पुस्तकातल्या उत्तराशी जुळविण्याचा (कधी कधी अंमळ अधिकच) प्रयत्न करतात आणि वही तपासून घेतात. सिलिकॉनच्या तक्तीवर सुमारे 300 नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा लेप असेल आणि त्यावर मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर पडला असेल, तर तो साध्या सूक्ष्मदर्शकातून डोळ्याला दिसतो, आणि तो दिसण्याचे कारण न्यूटनच्या कड्यांचेच आहे: पातळ पडद्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा मेळ. एक थर फिकट निळसर दिसतो, तीन थर गडद, दहा थर चकाकते. चार दिवस सराव झाला की विद्यार्थ्याला रंगावरून थर ओळखू येतात. एम.एस्सी.च्या वर्गात फाब्री-पेरो उपकरण असते, म्हणजे समोरासमोर दोन अर्धपारदर्शक आरसे. पोलॅरिटॉनाचा पिंजरा म्हणजे तेच उपकरण, फक्त आरशांतले अंतर मायक्रोमीटरच्या पाव-अर्ध्या भागावर आणलेले. ज्याने ही दोन उपकरणे नीट हाताळली आहेत, त्याला या नव्या विषयाच्या उंबरठ्यावर उपरा म्हणून उभे राहावे लागत नाही.

उणीव आहे ती मधल्या दोन-तीन वस्तूंची. थोडे नैसर्गिक मोलिब्डेनाइटचे स्फटिक, चांगल्या प्रतीचा सूक्ष्मदर्शक, ऑक्साइडचा लेप असलेल्या सिलिकॉनच्या तक्त्या, हिरवा लेसर आणि लहान आकाराचा वर्णपटमापक एवढे हाती असले, तर थर सोलणे, तो शोधणे, त्याच्यावर हिरवा प्रकाश सोडून 660 नॅनोमीटरच्या आसपास उमटणारी तांबडी दीप्ती नोंदविणे, आणि जाड तुकड्यावर तीच दीप्ती लोप पावते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, इथपर्यंतचा सर्व प्रवास पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. माझ्या अंदाजाने हा सारा सरंजाम एका मध्यम प्रतीच्या मोटारगाडीच्या किमतीत बसावा. थरांची संख्या पक्की करण्यासाठी रामन वर्णपट घ्यावा लागतो. ते यंत्र महाग, पण त्यासाठी नमुने घेऊन मुंबईला किंवा पुण्याला जाता येते, आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 साली कलकत्त्यात जे पाहिले त्याचा आज अणूंचे थर मोजण्याकडे कसा उपयोग होतो हे त्या प्रवासात विद्यार्थ्याला कळले, तर रेल्वेचे भाडे वसूल झाले असे समजावे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सर्व हौसेचे काम झाले. जिल्ह्यातला तरुण मुंबईला आणि आखाती देशांत पोटासाठी जातो आहे, त्याला अर्धप्रकाशी कणांचे काय? आक्षेप खोटा नाही. पण ज्या कारखान्याच्या आगमनाची वाट पाहिली जात आहे, तो आला तर त्याला लागणारी माणसे कोणती? लेपाची जाडी प्रकाशाने मोजणारी, पृष्ठाचा दोष सूक्ष्मदर्शकातून हेरणारी, निर्वात पंपाची नाडी ओळखणारी. ही कसबे थराच्या प्रयोगात जशीच्या तशी शिकावी लागतात. आणि कारखाना आलाच नाही, जशी शक्यता या जिल्ह्याला अनुभवाने ठाऊक आहे, तरी ती कसबे वाया जात नाहीत. जमीन अडकून पडते तशी ती अडकून पडत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: लहान गावातल्या प्रयोगशाळेने जगाच्या विज्ञानात काय भर घालावयाची? याला जपानमधील त्सुकुबाचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या एका शासकीय संस्थेतील केंजी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची हे दोघे प्रचंड दाबाच्या यंत्रात हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडचे नितळ स्फटिक वाढवितात, आणि अणूंच्या थरांवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा, अमेरिकेच्या आणि युरोपच्यासुद्धा, त्यांच्या स्फटिकांसाठी त्यांना पत्रे लिहितात. कारण त्या स्फटिकांच्या आवरणात ठेवलेला थर जितका स्वच्छ वागतो तितका दुसऱ्या कशात वागत नाही. त्या दोघांनी सिद्धांत मांडला नाही. एक वस्तू चांगली करावयाची ठरविली आणि ती करीत राहिले. दाबाची यंत्रे, साचे, लेथ, तापमानाचे नियंत्रण, हे शब्द मिरजोळ्याच्या कारखानदाराला परके नाहीत. थर उचलून नेमक्या जागी ठेवण्यासाठी जे यंत्र लागते, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोमीटरच्या चालीने सरकणारे हात, ते परदेशातून मागविण्याऐवजी वसाहतीतल्या एखाद्या कुशल टर्नरने आणि महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने एकत्र बसून बनविले तर बिघडणार काही नाही. उलट कॉलेज आणि कारखाना या दोघांच्या मध्ये जो रस्ता आहे तो केवळ रिक्षांसाठी नाही, हे उभयतांना कळेल.

एक खबरदारी मात्र घ्यावयास हवी. अशा प्रयोगशाळा आपल्याकडे उद्‌घाटनासाठी उभारल्या जातात. फीत कापली जाते, यंत्रावर प्लॅस्टिकचे आवरण चढते, आणि पावसाळ्यातली कोकणची दमट हवा भिंगांवर बुरशी धरू लागते. म्हणून पैशांबरोबर माणसाची तरतूद व्हावी: खोली कोरडी ठेवणारा आणि लेसर जुळविणारा एक कायम प्रयोगसहायक, आणि आठवड्यातून दोन दिवस त्याच कामासाठी मोकळा असलेला एक प्राध्यापक. यंत्राच्या किमतीइतकाच देखभालीचा खर्चही मंजुरीच्या वेळी लिहून घ्यावा, नाहीतर पुढच्या वर्षी लेखापरीक्षकाला केवळ आवरण दाखवावे लागते.

जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आहे, आणि त्याखाली काय मागावे याचा विचार पुष्कळ खात्यांना ऐनवेळी करावा लागतो. उपपरिसराचे आणि महाविद्यालयाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, वसाहतीतल्या कारखानदारांचा एखादा प्रतिनिधी आणि पवई किंवा पुण्यातील एखादा मार्गदर्शक यांनी मिळून चार पानांची दरखास्त तयार करावी. तीत सूक्ष्मदर्शक, वर्णपटमापक, लेसर, वातानुकूलित कोरडी खोली आणि प्रयोगसहायकाचे तीन वर्षांचे वेतन एवढीच कलमे असावीत. आणि पुढील वर्षाचा आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे येण्याअगोदर ती जिल्हाधिकारी कचेरीत दाखल करून पोच घ्यावी. पालकमंत्र्यांनी आणि समितीच्या सदस्यांनी, ज्या उत्साहाने मोठ्या प्रकल्पांची कागदपत्रे वाचली जातात, त्याच्या दशांश उत्साहाने ती वाचावी, एवढीच त्यांना विनंती.